एक्सेलची वही मिटवून ग्नूकॅश उघडताना

सॉफ्टवेअर बसवायला वीस मिनिटं लागतात. हिशेब एका वहीतून दुसऱ्या वहीत न्यायला दोन महिने. ही दोन वेगवेगळी कामं आहेत हे आधी कळलं नाही, की माणूस तिसऱ्या आठवड्यात ‘किचकट आहे बुवा’ म्हणत पुन्हा जुन्या तक्त्याकडे वळतो. इथे लिहिलंय ते एका पगारदार घराचा जमाखर्च एक्सेलमधून ग्नूकॅश या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये आणतानाचं आहे. घरात दोन बचत खाती, एक क्रेडिट कार्ड, गृहकर्ज, ईपीएफ, पीपीएफ आणि चार म्युच्युअल फंड. रकमा उदाहरणासाठी सोप्या करून घेतल्या आहेत. अडचणी मात्र जशा आल्या तशाच.

ग्नूकॅशच का, हे थोडक्यात. पैसे लागत नाहीत, फाइल आपल्याच संगणकावर राहते आणि हिशेब दुहेरी नोंदीने ठेवला जातो, म्हणजे प्रत्येक रक्कम कुठून गेली आणि कुठे आली, दोन्ही लिहिलं जातं. मायक्रोसॉफ्टने ‘मनी’ या हिशेबाच्या प्रोग्रामची विक्री २००९ मध्ये थांबवली, अमेरिकेत लाखो लोक वापरत होते ते ‘मिंट’ हे खर्चाचं ॲप मार्च २०२४ मध्ये बंद झालं. घरचा हिशेब वीस-पंचवीस वर्षं चालायचा असेल, तर कंपनीचा मूड बदलला म्हणून वही जाता कामा नये. ग्नूकॅशची फाइल मुळात एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेला साधा मजकूर आहे, उद्या प्रोग्राम नसला तरी ती वाचता येईल. फोनवर एसएमएस वाचून खर्च टिपणारी ॲप सोयीची असतात, पण काही बँका लहान रकमांचे एसएमएस पाठवत नाहीत, आणि व्याज किंवा चार्जेस जमा-वजा झाले तर बऱ्याचदा काहीच येत नाही. त्या ॲपमधली शिल्लक पासबुकाशी जुळत नाही ती यामुळेच.

एक अपेक्षा सुरुवातीलाच सोडून द्या: बँकेतून नोंदी आपोआप येतील. २ सप्टेंबर २०२१ ला सुरू झालेल्या अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्थेतून बँकेची माहिती घेता येते, पण ती मागण्याचा अधिकार नियामकाकडे नोंदलेल्या संस्थांना आहे, तुमच्या टेबलावरच्या प्रोग्रामला नाही. म्हणजे महिन्यातून एकदा स्टेटमेंटची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) उतरवून भरायची. अर्धा तास. मला ते बरंच वाटतं. त्या अर्ध्या तासातच खर्च डोळ्यांखालून जातो.

बसवण्याचं काम सरळ आहे. विंडोजवर ग्नूकॅशच्या अधिकृत संकेतस्थळावरून ५ मालिकेतली ताजी आवृत्ती घ्या. लिनक्सवर डिस्ट्रोच्या भांडारातली आवृत्ती बरेचदा मागे असते, म्हणून फ्लॅटपॅक (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारं पॅकेज) बरं. फोनवर त्याच नावाचं जे ॲप दिसतं तो वेगळा प्रकल्प आहे; त्यावर भिस्त ठेवून योजना आखू नका.

पहिल्यांदा उघडलं की नवी खाती तयार करायची का, असं विचारतं. इथे ‘पुढे-पुढे’ दाबत जाऊ नका. चलन आयएनआर आहे ना ते बघा. मग खात्यांचे तयार संच दिसतात, त्यात ‘कॉमन अकाउंट्स’ एवढाच घ्या. सगळे संच टिकवले तर शंभरेक खात्यांचं झाड उभं राहतं, त्यातली सत्तर कधी वापरली जात नाहीत आणि नोंद करताना यादी खाली-खाली सरकवावी लागते. खर्चाची खाती पंधरा-वीस पुरतात. ‘किराणा’, ‘भाजी-फळं-दूध’, ‘वीज-गॅस-पाणी’, ‘सोसायटी मेंटेनन्स’, ‘प्रवास’, ‘औषधपाणी’, ‘शिक्षण’, ‘विमा’, ‘बाहेरचं खाणं’, ‘देणं-घेणं-आहेर’, ‘किरकोळ’. नावं देवनागरीत बेलाशक ठेवा, अडत नाही. फक्त खात्याच्या नावात अपूर्णविरामाचे दोन टिंब वापरू नका. मुख्य खातं आणि पोटखातं वेगळं करायला ग्नूकॅश तेच चिन्ह वापरतं.

एडिट मेनूतल्या प्रेफरन्सेसमध्ये तीन गोष्टी लगेच बदला. तारखेचा नमुना यूके, म्हणजे दिवस-महिना-वर्ष. हिशेबाचा कालावधी १ एप्रिल ते ३१ मार्च. आपोआप मिळणारी ‘वर्षाची सुरुवात’ ही १ जानेवारी असते, म्हणून तारीख स्वतः लिहावी लागते आणि दरवर्षी एप्रिलमध्ये बदलावी लागते. तिसरी गोष्ट चवीची: ‘फॉर्मल अकाउंटिंग लेबल्स’ लावलं की रकान्यांना डेबिट-क्रेडिट ही नावं येतात. कॉमर्स केलेल्यांना ते आवडेल. बाकीच्यांनी साधी नावं राहू द्यावीत, कारण बचत खात्यातून पैसे गेले तर आपल्या वहीत ते क्रेडिट आणि बँकेच्या स्टेटमेंटवर डेबिट, हा गोंधळ पहिल्याच दिवशी नको. बँकेचं स्टेटमेंट ही बँकेची वही असते. तिच्या दृष्टीने आपली ठेव हे तिचं देणं.

फाइल जतन करताना एक्सएमएल की एसक्यूलाइट असं विचारतं. एक्सएमएल घ्या. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंद तिथल्या तिथे लिहिली जाते, त्यामुळे ‘आज गडबड झाली, न जतन करता बंद करू’ ही सोय जाते, आणि शिकताना ती वारंवार लागते. फाइलला वेगळा फोल्डर द्या. ग्नूकॅश प्रत्येक वेळी जतन करताना जुनी प्रत तारीख-वेळेसह बाजूला ठेवतं, शिवाय लॉग फाइली वेगळ्या. महिन्याभरात तिथे पन्नासेक फाइली दिसल्या तर घाबरू नका आणि घाईत पुसूही नका. मात्र फोल्डरमधून दुहेरी क्लिक करून फाइल उघडताना नेमकी तारखेची जुनी प्रत उघडली जाते, मग त्यातच काम होतं, आणि दोन आठवड्यांनी एप्रिलच्या नोंदी ‘गायब’ होतात. शीर्षकपट्टीवर फाइलच्या नावात चौदा आकडे दिसले की समजा, चुकीच्या प्रतीत आहात.

नवराबायको दोघांनी एकच फाइल वापरायची असेल तर एका वेळी एकानेच. उघडी असताना ग्नूकॅश शेजारी कुलूपाची छोटी फाइल ठेवतं. दुसऱ्याला ‘कुणीतरी वापरतंय’ असा इशारा येतो. क्लाउडच्या फोल्डरमध्ये हे कुलूप वेळेवर पोचत नाही, आणि मग दोन प्रती तयार होतात. शिवाय या फाइलला पासवर्ड लावायची सोय ग्नूकॅशमध्ये नाही. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर फाइल व्हेराक्रिप्ट या प्रोग्रामच्या पासवर्ड लावलेल्या कंटेनरमध्ये ठेवा.

आता खरा निर्णय: कुठल्या तारखेपासून? एक्सेलमध्ये सात-आठ वर्षांच्या नोंदी होत्या. त्या सगळ्या आणायचा मोह होतोच. आणू नका. जुन्या तक्त्यात एकेरी नोंद असते: ‘१२ तारीख, किराणा, १,८४०’. पैसे रोखीतून गेले, कार्डावरून की दुसऱ्या बँकेतून, हे त्यात लिहिलेलंच नसतं. दुहेरी नोंदीला दोन्ही टोकं लागतात. एक टोक अंदाजाने भरलं की शिल्लक कधीच जुळत नाही. ३१ मार्चची अखेरची शिल्लक घ्यायची आणि १ एप्रिलपासून नवी वही. ऑक्टोबरमध्ये सुरू करत असाल तर ३० सप्टेंबरची शिल्लक घ्या; एप्रिल ते सप्टेंबरचा खर्च हवाच असेल, तर मात्र आरंभीची शिल्लक ३१ मार्चचीच ठेवून प्रत्येक खर्चखात्याला सहा महिन्यांची एक ठोक नोंद करा. जुनी एक्सेल फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ करून ठेवा, तिचा पीडीएफही काढा.

आरंभीच्या शिलकेत तीन ठिकाणी घसरायला होतं. बचत खातं सोपं: ३१ मार्चच्या स्टेटमेंटवरचा आकडा. त्यादिवशी दिलेला पण न वटलेला चेक असेल तर तो वेगळी नोंद म्हणून त्याच तारखेला लिहा, शिलकेतून आधीच वजा करू नका. नाहीतर पहिलीच जुळवणी अडते. क्रेडिट कार्डाचं मात्र बिल बघून चालत नाही. समजा बिल १८ मार्चला निघालं, १२,४०० रुपयांचं, अजून भरलेलं नाही. १९ ते ३१ मार्चच्या दरम्यान आणखी ६,३५० खर्च झाले. ते एप्रिलच्या बिलात दिसतील. ३१ मार्चचं देणं १८,७५० आहे, १२,४०० नव्हे. तिसरं म्हणजे म्युच्युअल फंड: तिथे रक्कम नाही, युनिट भरायची असतात. त्याकडे पुढे येतो.

सगळ्या आरंभीच्या शिलका ‘इक्विटी’खालच्या ‘ओपनिंग बॅलन्सेस’ या खात्याशी बांधल्या जातात. ते खातं म्हणजे ३१ मार्चची तुमची निव्वळ मालमत्ता. तो आकडा मनातल्या अंदाजाशी ताडून बघा. शून्य एखादं जास्त पडलं असेल तर इथेच दिसेल.

यानंतर स्टेटमेंट आत घ्यायचं काम. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि तो ग्नूकॅशमुळे जात नाही. बँकेने दिलेली फाइल हिशेबासाठी बनवलेली नसते. वर पंधरा-वीस ओळी नाव, पत्ता, शाखा, आयएफएससी. खाली ‘हे संगणकाने तयार केलेले विवरण आहे’. मध्ये पैसे गेल्याचा रकाना वेगळा, आल्याचा वेगळा. रिकाम्या जागी कुठे काहीच नाही, कुठे ०.००, कुठे आडवी रेघ. रकमेत स्वल्पविराम. वर्ष दोनच आकड्यांत. एका बँकेची ‘एक्सेल’ फाइल तर आतून निव्वळ टॅबने विभागलेला मजकूर निघाली. फक्त नावाच्या शेवटी एक्सेलची शेपटी.

ही फाइल दुहेरी क्लिक करून एक्सेलमध्ये उघडायची नाही. एक्सेल तुम्हाला न विचारता दोन उपद्व्याप करतं. संगणकाची प्रांतिक मांडणी अमेरिकन असेल तर ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल न समजता ४ मार्च समजतं, आणि १३/०४ ला तारीखच न मानता मजकूर म्हणून सोडतं. अर्ध्या तारखा उलटतात, अर्ध्या तशाच. दुसरं, यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक ४.१२ई+११ असा आखडतो, आणि पंधरा आकड्यांपेक्षा लांब क्रमांकाचे पुढचे आकडे शून्य होऊन कायमचे जातात. लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्याच मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडताना जी खिडकी येते, तिच्यात सगळे रकाने निवडून प्रकार ‘टेक्स्ट’ करा. मग साफसफाई: वरच्या-खालच्या ओळी, रकमेतले स्वल्पविराम, आडव्या रेघा. शेवटी यूटीएफ-८ मध्ये सीएसव्ही.

आता एक बारीकशी गोष्ट, जी कळायला मला दोन महिने लागले आणि जिच्यामुळे पुढचं काम निम्म्यावर आलं. ग्नूकॅश आधीच्या नोंदींवरून शिकतं: ‘अमुक तपशील आला की किराणा’. ही बेझियन जुळणी प्रेफरन्सेसमध्ये चालू आहे ना ते पाहा. पण ती तपशिलाचे तुकडे पाडते मोकळ्या जागेवर, शब्दाशब्दाने. यूपीआयचा तपशील कसा असतो? ‘यूपीआय/डीआर/बारा आकडे/दुकानाचं नाव/बँक/पत्ता’, सगळं तिरप्या रेघांनी चिकटलेलं. मोकळी जागाच नाही, म्हणजे ग्नूकॅशच्या लेखी तो एकच लांबलचक शब्द. आणि आतला संदर्भ क्रमांक दर वेळी वेगळा, त्यामुळे तो शब्द पुन्हा कधीच येत नाही. शंभर नोंदी शिकवल्या तरी पाटी कोरी. उपाय साधा: कॅल्कमध्ये शोधा-बदला वापरून प्रत्येक तिरपी रेघ मोकळ्या जागेने बदला, आणि बारा आकडी क्रमांक उचलून वेगळ्या रकान्यात टाका. तिसऱ्या महिन्यापासून दूधवाला, किराणा, पेट्रोलपंप आपापल्या खात्यात जाऊन बसू लागतात. गंमत म्हणजे ही जुळणी वारही लक्षात घेते; दर रविवारी मटणाचं दुकान असेल तर तेही तिच्या हिशेबात येतं.

मग ‘फाइल’, ‘इम्पोर्ट’, ‘इम्पोर्ट ट्रान्झॅक्शन्स फ्रॉम सीएसव्ही’. ‘मल्टी-स्प्लिट’वर खूण नको, कारण आपली एक ओळ म्हणजे एक व्यवहार. वरून किती ओळी सोडायच्या तो आकडा भरा, तारखेचा नमुना दिवस-महिना-वर्ष करा, खातं निवडा. मग प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर क्लिक करून तो काय आहे ते सांगायचं: तारीख, ‘डिस्क्रिप्शन’, ‘नंबर’, आलेल्या पैशांना ‘अमाउंट’, गेलेल्या पैशांना ‘अमाउंट निगेटेड’. शिलकेचा रकाना सोडून द्या. रकमेचे दोन रकाने उलटे लागले तर पगार खर्चात आणि वीजबिल उत्पन्नात दिसतं. पहिल्याच नजरेत कळतं, म्हणून ही चूक निरुपद्रवी. मांडणी एका नावाने जतन करून ठेवा, पुढच्या महिन्यात निवडली की काम झालं. बँकेने रकान्यांचा क्रम बदलला तर मात्र तीच मांडणी मुकाट्याने चुकीचं वाचेल; दर वेळी वरच्या चार ओळी नजरेखालून घाला.

पुढच्या पडद्यावर सगळ्या ओळी आणि त्यांच्यापुढे तीन चौकटी: ‘ए’ म्हणजे नवी नोंद घाल, ‘सी’ म्हणजे ही नोंद वहीत आहेच, फक्त वटल्याची खूण कर, आणि तिसरी म्हणजे आहे तिला दुरुस्त करून खूण कर. ज्यांचं दुसरं टोक ठरलेलं नाही त्या ओळी वेगळ्या रंगात दिसतात. एकसारख्या ओळी कंट्रोल धरून निवडा, उजवं क्लिक करा, खातं एकदाच द्या. जे राहील ते ‘इम्बॅलन्स-आयएनआर’ नावाच्या खात्यात पडतं. त्या खात्याला अपयश मानू नका, ती कामाची पेटी आहे. फक्त महिनाअखेरीला तिची शिल्लक शून्य झाली पाहिजे. शिल्लक शून्य आहे पण आत नोंदी आहेत, असंही होतं: एक ५०० आत, एक ५०० बाहेर. म्हणून आत डोकावून बघायचं. चुकून भलतंच शिकवलं गेलं तर ‘टूल्स’मधल्या ‘इम्पोर्ट मॅप एडिटर’मध्ये जाऊन ती शिकवणी पुसता येते.

सगळ्यात मोठी चूक या टप्प्यावर होते ती क्रेडिट कार्डाच्या बिलाची. बचत खात्याच्या फाइलमध्ये ‘कार्ड बिल १२,४००’ अशी ओळ येते. सवयीने ती खर्चात टाकली जाते. नंतर कार्डाची फाइल घेतली की तेच १२,४०० किराणा, पेट्रोल, कपडे म्हणून पुन्हा खर्चात. महिन्याचा खर्च अचानक बारा हजारांनी फुगतो. बिल भरणं हा खर्चच नाही. खर्च वस्तू घेतली तेव्हा झाला, आता फक्त देणं फिटलं. बचत खात्यातून कार्डाच्या खात्यात वर्ग. आणि हाच वर्ग कार्डाच्या फाइलमध्येही ‘पेमेंट रिसिव्ह्ड’ म्हणून येतो, तेव्हा तिथे ‘ए’ नव्हे, ‘सी’. ग्नूकॅश बहुतेक वेळा स्वतः ओळखतं, पण दोन्हीकडच्या तारखांत अंतर पडलं तर चुकतं. दोन बचत खात्यांमधल्या वर्गाचंही असंच. म्हणून एका दिवशी सगळ्या फाइली कोंबू नका. एक खातं घ्या, जुळवा, मग दुसरं.

कार्डाच्या फाइलमध्ये बरेचदा रक्कम एकाच रकान्यात असते आणि परताव्यापुढे ‘सीआर’ ही दोन अक्षरं. तो रकाना कॅल्कमध्ये दोन भागांत फोडून घ्या. कॅशबॅक उत्पन्नात लिहू नका, ज्या खात्यात खर्च झाला तिथेच उलटी नोंद करा.

यूपीआय लाइट वापरत असाल तर त्याला वेगळं खातं लागेल. बँकेच्या स्टेटमेंटवर फक्त त्यात पैसे भरल्याची एक ओळ येते. त्यातून दिलेले चहाचे वीस, रिक्षाचे चाळीस कुठेच दिसत नाहीत. ते हातशिलकेसारखंच समजा. रोखीचा आणि लाइटचा पैन्‌पै हिशेब लिहायचा अट्टहास मी सोडून दिलाय: रविवारी पाकीट मोजायचं, फोनवरची लाइटची शिल्लक बघायची, फरक ‘किरकोळ’मध्ये. फास्टॅगचं रिचार्ज तर सरळ ‘प्रवास’ खर्चात.

आता जुळवणी. हिच्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे. ‘ॲक्शन्स’ मेनूतून ‘रिकन्साइल’, स्टेटमेंटची तारीख, तिच्यावरची अखेरची शिल्लक. पहिली जुळवणी ३१ मार्चचीच करा: आरंभीच्या शिलकेवर एक टिचकी, फरक शून्य, संपलं. मग ३० एप्रिल. डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले, प्रत्येक ओळ स्टेटमेंटशी लावून खूण करायची, खाली फरक शून्य झाल्यावर ‘फिनिश’. नोंदीपुढचं ‘एन’ किंवा ‘सी’ हे अक्षर ‘वाय’ होतं, म्हणजे नोंद जुळली. ‘वाय’ झालेली नोंद नंतर बदलायला गेलात की ग्नूकॅश टोकतं, आणि ते टोकणं ऐका.

फरक शून्य येत नसेल तर डोळे फाडून यादी वाचण्याआधी मुनीमजींची जुनी युक्ती लावा. फरकाला ९ ने भाग जातो का? जात असेल तर बहुधा आकड्यांची अदलाबदल: ५६० ऐवजी ६५०, फरक ९०. फरकाचा निम्मा आकडा वहीत कुठे आहे का? ५४० चा फरक असेल तर २७० ची नोंद उलट्या बाजूला पडलेली असेल. फरक नेमका एखाद्या नोंदीइतका असेल तर ती दोनदा आली किंवा राहून गेली. फाइलीतून नोंदी घेतल्यावर अदलाबदल फारशी होत नाही. दुबार नोंदी होतात. जुळवणीच्या खिडकीत ‘बॅलन्स’ असं बटण दिसेल, ते वापरू नका. त्याने फरक नाहीसा होतो, चूक नाही.

पगाराची नोंद एकदा नीट बांधली की पुन्हा हात लावावा लागत नाही. बँकेत ७७,००० येतात म्हणून ७७,००० उत्पन्न लिहिणं ही एक्सेलची सवय. इथे एकूण पगार ८५,००० उत्पन्नात, आणि त्याचे चार वाटे: बँक ७७,०००, ईपीएफ ४,८००, व्यवसाय कर २००, आयकर ३,०००. मूळ पगार ४०,००० धरला तर १२ टक्क्यांनी ४,८००. मालकाचेही ४,८००, पण त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ३,५५० तुमच्या पीएफमध्ये. ते ‘मालकाचा हिस्सा’ अशा उत्पन्न खात्यातून ईपीएफ खात्यात वेगळ्या नोंदीने. हे न केल्यास ईपीएफ पासबुक कधीच जुळत नाही. ही नोंद ‘शेड्यूल्ड ट्रान्झॅक्शन’ करून ठेवा.

गृहकर्जाला ग्नूकॅशचा एक खास सहायक आहे. मुद्दल, दर, मुदत दिली की हप्त्याची मुद्दल-व्याज फोड करून देतो. २५ लाख, ८.५ टक्के, २० वर्षं: हप्ता २१,६९६, पहिल्या महिन्यात व्याज १७,७०८, मुद्दल ३,९८८. दिसायला सुंदर. पण आपली कर्जं बदलत्या दराची. दर हलला की बँक हप्ता तोच ठेवून मुदत लांबवते, आणि सहायकाची सगळी फोड चुकते. त्यापेक्षा बँक तिच्या वहीत जसं लिहिते तसंच लिहा. महिनाअखेरीला कर्जखात्यावर व्याज लागतं: ‘गृहकर्ज व्याज’ खर्च, कर्ज तेवढं वाढलं. हप्त्याच्या दिवशी बचत खात्यातून पूर्ण २१,६९६ कर्जखात्यात, कर्ज तेवढं घटलं. दोन साध्या नोंदी, फोड करायचीच नाही, आणि कर्जाचं स्टेटमेंट ओळीला ओळ जुळतं. काही बँका व्याज नि हप्ता एकाच दिवशी लावतात. तरीही नोंदी दोनच.

आता म्युच्युअल फंड. प्रत्येक योजनेसाठी ‘सिक्युरिटी एडिटर’मध्ये आधी योजना घालायची, मग खातं. चिन्हाच्या जागी ॲम्फीचा (म्युच्युअल फंडांच्या संघटनेचा) सहा आकडी योजना क्रमांक. डायरेक्ट-रेग्युलर, ग्रोथ-आयडीसीडब्ल्यू (लाभांश देणारा पर्याय) या सगळ्यांचे क्रमांक वेगळे असतात. नाव बघून नाही, पूर्ण नाव बघून घ्या. व्यवहाराचा अपूर्णांक एक हजारांश किंवा त्याहून बारीक ठेवा, कारण युनिट तीन दशांशांपर्यंत असतात.

५,००० ची एसआयपी बँकेतून ५,००० च जाते, पण गुंतते ४,९९९.७५. १ जुलै २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क आहे, ते पंचवीस पैसे. वेगळा वाटा करून ‘शुल्क’ खात्यात टाका. एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, ८३.२१५० असेल तर ६०.०८२ युनिट मिळतात. आता गुणून बघा: ६०.०८२ गुणिले ८३.२१५० म्हणजे ४,९९९.७२. तीन पैशांची तफावत, युनिट तीन दशांशांवर कापल्यामुळे. तिन्ही आकडे भरलेत की ग्नूकॅश अडून विचारतं, युनिट, भाव की रक्कम, यातलं काय बदलू? युनिट आणि रक्कम पवित्र, भाव बदलू द्या. किंवा भाव भरूच नका, तो स्वतः काढला जातो.

एनएव्ही आपोआप आणायला विंडोजवर पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा वेगळी बसवावी लागते. ग्नूकॅशसोबत येणारा ‘ऑनलाइन प्राइस रिट्रीव्हल’ हा दुवा ते काम करतो. मग सिक्युरिटी एडिटरमध्ये ऑनलाइन भावाची खूण आणि स्रोत ॲम्फीचा. उबुंटूवर पर्लचं फायनान्स-कोट पॅकेज घाला. भाव येत नसतील तर बहुतेक वेळा स्रोताच्या संकेतस्थळाची मांडणी बदललेली असते आणि फायनान्स-कोटची नवी आवृत्ती घेतली की सुटतं. नाहीच जमलं तर भावही सीएसव्हीतून भरता येतात. महिन्यातून एकदा, चार ओळी. भांडवली नफ्याचा हिशेब मात्र ग्नूकॅशकडून करवून घेऊ नका. करता येतो, पण पहिली खरेदी पहिली विक्री या क्रमाने प्रत्येक खेप बांधत बसण्यापेक्षा आरटीएकडून (फंडांच्या गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडून) येणारं भांडवली नफ्याचं विवरण घ्या आणि त्यातला एकूण आकडा नोंदवा.

पीपीएफचं व्याज ३१ मार्चला एकदाच लागतं, एक नोंद. मुदत ठेवीवर टीडीएस कापला गेला तर बँकेत ९,००० दिसतील, पण व्याज १०,००० आणि कर १,००० असे दोन वाटे लिहा. विवरणपत्र भरताना पूर्ण व्याजच दाखवावं लागतं.

जुनी एक्सेल कधी थांबवायची? सलग दोन महिने सगळी खाती शून्य फरकाने जुळली की. त्याआधी नाही, आणि त्यानंतर एक दिवसही नाही, कारण दोन वह्या ठेवणारा शेवटी दोन्ही सोडतो. वर्षअखेरीला खाती ‘बंद’ करायची गरज ग्नूकॅशमध्ये नाही. मेनूत सोय आहे, पण कालावधी बदलला की नव्या वर्षाचा खर्च वेगळा दिसतोच. ३१ मार्चचा ताळेबंद आणि तेरीज (ट्रायल बॅलन्स) पीडीएफ करून ठेवा, पुरे.

आणि महाराष्ट्रात पगार घेणाऱ्यांसाठी: फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० नसून ३०० कापला जातो. ठरवून ठेवलेली पगाराची नोंद ७७,००० लिहील, बँकेत ७६,९०० येतील आणि जुळवणी शंभर रुपयांवर अडेल. त्या एका महिन्यापुरती नोंद हाताने सुधारा, मूळ साचा बदलू नका.